शंभर आल्बम आणि एक नोंदवही

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाची संहिता)



या व्याख्यानमालेत माझ्याआधी संतवाङ्मयावर, नाट्यसंगीतावर आणि ओडिशातील मंदिरशिल्पावर अधिकारी वक्ते बोलून गेले. त्यांच्यामागून मी रॉक संगीतावर बोलायला उभा राहिलो आहे, हे पाहून आपल्यापैकी काहींच्या चेहऱ्यावर जे कुतूहल उमटले आहे ते मला येथून दिसते आहे. मी संगीताचा अभ्यासक नाही. बी. ए.ला माझा विषय मराठी होता आणि गेली तीस वर्षे मी केंद्र सरकारच्या लेखापरीक्षण खात्यात नोकरी करतो. दुसऱ्यांनी लिहिलेल्या याद्या, जमाखर्च आणि पावत्या तपासणे हा माझा व्यवसाय. तेव्हा एक यादी माझ्या हाती आली, ती मी पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत तपासली आणि त्या तपासणीत मला काय आढळले, एवढाच अहवाल मी आज आपल्यापुढे ठेवणार आहे.

ती यादी अशी. अमेरिकेतील 'रोलिंग स्टोन' या नियतकालिकाने २००३ साली संगीतकार, समीक्षक आणि या व्यवसायातील जाणकार यांची मते मागवून सर्वश्रेष्ठ पाचशे आल्बमांची क्रमवारी प्रसिद्ध केली. २०१२ साली तिच्यात थोडेफार फेरफार झाले. पहिले दहा मात्र होते तसेच राहिले. आमची कन्या शिक्षणासाठी पुण्याला गेली त्याला तेव्हा काही महिने झाले होते. मुले घराबाहेर गेली की दूरध्वनीवरचे संभाषण कसे आटत जाते, याचा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांना असेल. 'जेवलीस का?' 'हो.' 'अभ्यास कसा चालला आहे?' 'चालला आहे.' यापुढे विषय सरकत नसे. २०१७ च्या दिवाळीत ती घरी आली तेव्हा तिने त्या यादीतले पहिले शंभर आल्बम कागदावर उतरवून माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही ऑडिट करता ना? मग याचं करा." मी होकार दिला. आठवड्याला एक आल्बम, आणि रविवारी दूरध्वनीवर त्याविषयी बोलणे, असे ठरले.

मी एक नोंदवही आखली. दिनांक, आल्बमचे नाव, प्रसिद्धीचे वर्ष, किती वेळा ऐकला आणि शेरा, असे पाच रकाने. तीन नियम केले. एक, कोणतेही गाणे मध्येच सोडायचे नाही. दोन, प्रत्येक आल्बम निदान तीन वेळा ऐकल्याखेरीज शेरा लिहायचा नाही. तिसरा नियम माझ्या व्यवसायातून आला. पावत्या तपासायच्या तर त्या आधी तारखेवार लावाव्या लागतात. म्हणून यादीतले क्रमांक मी बाजूला ठेवले आणि ते शंभर आल्बम सनावळीने लावले. आज मी जे सांगणार आहे त्याचे मर्म या तिसऱ्या नियमात आहे.

पण त्याआधी आल्बम म्हणजे काय, हे थोडे पाहू. आपल्या वडीलधाऱ्यांच्या काळी ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे. रंगभूमीवर अर्धा तास फुलणारे बालगंधर्वांचे पद त्या तबकडीत तेवढ्याच वेळात बसवावे लागे. अशा अनेक तबकड्या पुस्तकासारख्या बांधणीत एकत्र ठेवल्या जात, त्यावरून 'आल्बम' हा शब्द रूढ झाला. १९४८ साली कोलंबिया कंपनीने मिनिटाला तेहतीस आणि एक तृतीयांश फेऱ्यांची मोठी तबकडी बाजारात आणली. तिच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटांचे ध्वनिमुद्रण सहज मावू लागले. प्रारंभी रॉक संगीतात या तबकडीचा उपयोग सुटी गाणी गोळा करण्यापुरता होत असे. चाळीस मिनिटांचा हा अवकाश कादंबरीसारखा किंवा नाटकासारखा वापरता येईल, पहिले गाणे कोणते, बाजू उलटण्यापूर्वीचे कोणते आणि शेवटचे कोणते यालाही अर्थ असू शकेल, हे मुख्यतः १९६० नंतरच्या दशकात कलावंतांच्या ध्यानात आले. म्हणून आल्बममधले एकच गाणे ऐकणे हे तीन अंकी नाटकातला एकच प्रवेश पाहण्यासारखे आहे. प्रवेश रंगतो, पण नाटक पाहिले असे म्हणता येत नाही.

आता सनावळीकडे वळू. लिटल रिचर्डच्या १९५७ च्या आल्बमसारख्या आरंभीच्या नोंदी ओलांडून मी १९६५ साली पोहोचलो. त्या वर्षाच्या डिसेंबरात बीटल्सचा 'रबर सोल' निघाला. यादीत त्याचा क्रमांक पाचवा. तो कॅलिफोर्नियात ब्रायन विल्सन या तरुणाने ऐकला. हा 'बीच बॉइज' या मंडळीचा सूत्रधार. दौऱ्यांचा ताण असह्य झाल्याने त्याने गावोगाव फिरणे सोडले होते आणि बाकीची मंडळी दौऱ्यावर असताना तो घरी राहून संगीतरचना करीत असे. त्या आल्बममध्ये भरतीचे म्हणून एकही गाणे नाही, या गोष्टीने तो भारावून गेला. टोनी अॅशर या जाहिरातलेखकाला सोबत घेऊन त्याने गीते लिहिली, लॉस एंजेलिसमधील कसबी वादक जमवले, सायकलच्या घंटीपासून कुत्र्याच्या भुंकण्यापर्यंतचे आवाज वापरले, आणि मे १९६६ मध्ये 'पेट साउंड्स' सिद्ध झाला. त्या वेळी तो अवघा तेवीस वर्षांचा होता आणि त्याला उजव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नसे. दोन कानांसाठी दोन वाटा करणारे ध्वनिमुद्रण तेव्हा उपलब्ध होते, तरी त्याने हा आल्बम एकाच वाटेने मुद्रित केला. गेल्या वर्षी, ११ जून २०२५ रोजी, तो निवर्तला.

'पेट साउंड्स' लंडनमध्ये पॉल मॅकार्टनीने ऐकला, आणि त्याचे प्रत्युत्तर म्हणून १९६७ साली बीटल्सचा 'सार्जंट पेपर' निघाला. यादीत 'सार्जंट पेपर' पहिला, 'पेट साउंड्स' दुसरा आणि 'रबर सोल' पाचवा. क्रमांकांकडे पाहिले तर तीन स्पर्धक पदकांसाठी उभे आहेत असे वाटते. तारखेने लावले की तेच तिघे एकमेकांशी बोलताना ऐकू येतात: लंडनहून एक पत्र निघते, कॅलिफोर्नियाहून त्याला उत्तर येते आणि त्या उत्तराला लंडनहून प्रत्युत्तर जाते. ही पत्रापत्री क्रमवारीत झाकली जाते आणि सनावळीत उघड होते. माझ्या नोंदवहीतला हा पहिला महत्त्वाचा शेरा.

'सार्जंट पेपर'विषयी आणखी दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. त्यातील एक गीत जॉर्ज हॅरिसनने लंडनमधील भारतीय वादकांना घेऊन बांधले. त्यात दिलरुबा, तबला, तंबोरा आणि स्वरमंडळ आहेत. बीटल्सपैकी दुसरा कोणीही नाही. आमच्या सौभाग्यवती त्या वेळी स्वयंपाकघरात होत्या. दिलरुब्याचा स्वर कानी पडताच त्यांनी, "आज आकाशवाणी लावली आहे वाटतं?" असे विचारले. दुसरी गोष्ट शेवटच्या गीताची. त्याचे नावच 'जीवनातला एक दिवस' अशा अर्थाचे आहे. वर्तमानपत्र वाचणे, उठणे, घाईघाईने बस गाठणे, असला रोजचा ऐवज त्यात आहे. १७ जानेवारी १९६७ च्या 'डेली मेल'मध्ये ब्लॅकबर्न या गावाच्या रस्त्यांवर चार हजार खड्डे असल्याची बातमी होती. ती जॉन लेननने गीतात घेतली. खड्ड्यांच्या बातमीतून काव्य निर्माण होऊ शकते, तर आपल्या नगरपालिकांनी आजवर किती महाकाव्यांची सामग्री पुरवली असेल! त्याच गीतासाठी चाळीस वादकांना आपापल्या वाद्याच्या खालच्या स्वरापासून वरच्या स्वरापर्यंत चोवीस आवर्तनांत, शेजाऱ्याशी न जुळवता, चढत जाण्यास सांगण्यात आले. तो स्वरांचा लोंढा प्रथम ऐकताना मी कपड्यांना इस्त्री करीत होतो. मी इस्त्री उभी करून ठेवली आणि शेवटचा पियानोचा नाद विरेपर्यंत तसाच उभा राहिलो.

इस्त्रीचा उल्लेख मी हेतुतः केला. हे सर्व श्रवण मी संसार बाजूला ठेवून केलेले नाही. पहिल्यांदा बसून, दुसऱ्यांदा कचेरीला पायी जाताना आणि तिसऱ्यांदा घरकाम करताना, असा माझा क्रम होता. बसून ऐकताना लक्ष बांधणीकडे जाते. काम करताना तेच संगीत वेगळ्या वाटेने आत शिरते आणि आपल्या दिवसाशी त्याचे काही नाते आहे की नाही ते कळते.

'फ्लीटवूड मॅक' या वृंदाचा १९७७ चा 'रूमर्स' घ्या. तो तयार होत असताना वृंदातील एका दांपत्याचा घटस्फोट चालला होता, दुसरी जोडी विभक्त झाली होती आणि पाचव्या सभासदाचा संसारही मोडकळीस आला होता. तरीही हे पाचही जण रोज ठरल्या वेळी त्याच खोलीत येऊन, एकमेकांविरुद्ध लिहिलेली गाणी एकमेकांच्या साथीने मुद्रित करीत होते. ज्याच्याशी बोलणे टाकले आहे त्याच सहकाऱ्याच्या टिपणीवर सही करावी लागणे म्हणजे काय, हे ज्यांनी सरकारी कचेरीत उमेदवारी केली आहे त्यांना निराळे समजावून सांगायला नको. कचेरीच्या वाटेवर ऐकल्यामुळेच तो आल्बम मला लवकर उमगला.

जोनी मिचेलचा १९७१ चा 'ब्लू' मात्र घरात उमगला, आणि तोही आधी सौभाग्यवतींना. लहानपणी पोलिओ झाल्याने या गायिकेच्या डाव्या हाताचे बळ कमी झाले होते. म्हणून तिने गिटारच्या तारा निराळ्या पद्धतीने लावण्याच्या आपल्या रीती शोधल्या आणि त्यातून तिची स्वतंत्र स्वरभाषा तयार झाली. हे मी वाचून सांगत होतो. घरातून उत्तर आले, "तारांचं राहू द्या. ही बाई एकटी बसून कुणाची तरी वाट पाहते आहे." शेऱ्याच्या रकान्यात मी ते वाक्य जसेच्या तसे उतरवले.

यादीतले सर्वच मला रुचले असे नाही. 'कॅप्टन बीफहार्ट'चा १९६९ चा 'ट्राउट मास्क रेप्लिका' मी नियमाप्रमाणे तीनदा ऐकला. तो माझ्या कानांशी आजतागायत बोलला नाही. नोंदवहीत 'प्रलंबित' असा शेरा आहे. लेखापरीक्षणात हा शेरा अपमानकारक मानला जात नाही.

आता या शहरातील आपण सर्वांनी भोगलेल्या दिवसांकडे येतो. ३ मे २०१९ रोजी फणी चक्रीवादळ पुरीजवळ किनाऱ्यावर आदळले आणि भुवनेश्वरातील झाडे आणि विजेचे खांब आडवे करून गेले. आमच्या वसाहतीत कित्येक दिवस वीज नव्हती. पाण्यासाठी रांगा होत्या. दूरध्वनी मुका झाला होता. त्या आठवड्यात नोंदवहीत पिंक फ्लॉइडचा १९७३ चा आल्बम चालू होता. त्याचे नाव 'द डार्क साइड ऑफ द मून'. शहर अंधारात असताना या नावाची गंमत वाटण्याइतके मन स्वस्थ नव्हते. ऐकण्याचे साधनच बंद पडले होते. परंतु रात्री गच्चीवर पडल्या पडल्या तो आल्बम मला आठवू लागला. आरंभी आणि अखेरीस हृदयाचे ठोके. मध्येच एकदम वाजणारी अनेक घड्याळे. पैशाच्या गाण्यात नाण्यांचा आणि गल्ल्याचा आवाज ज्यात गुंफला आहे ते सात मात्रांचे आवर्तन. आपल्या रूपकाच्याही मात्रा सातच. मधल्या गिटारवादनात ते चारांत जाते आणि पुन्हा साताला येते.

त्या आल्बमचे विषय पाहा: वेळ निघून जाणे, पैसा, भांडणे, वेड आणि मृत्यू. त्याच्या कर्त्यांपैकी रॉजर वॉटर्सने काही प्रश्न पत्त्यांवर लिहून ध्वनिमुद्रणगृहात वावरणाऱ्या माणसांना विचारले आणि त्यांची उत्तरे संगीतात गुंफली. सर्वांत शेवटी जो मानवी आवाज ऐकू येतो तो कोणा तत्त्वज्ञाचा नसून तेथील द्वारपालाचा आहे. क्लेअर टोरी या गायिकेने शब्दांवाचून, केवळ स्वरांतून मृत्यूचे भय आणि त्याचा स्वीकार गायिला. त्याबद्दल तिला तेव्हा तीस पौंड मिळाले. २००५ साली, न्यायालयात दाद मागितल्यानंतर, सहरचनाकार म्हणून तिचे नाव त्या गीताला जोडले गेले. अमेरिकेतील खपाच्या कोष्टकात हा आल्बम १९७३ ते १९८८ या काळात ७४१ आठवडे टिकून राहिला. लोकांनी तो इतकी वर्षे का जवळ ठेवला असावा, याचे उत्तर मला त्या गच्चीवर, एकही स्वर प्रत्यक्ष न ऐकता मिळाले. यंत्र बंद पडल्यावर जे आपल्यापाशी उरते ते आपले झालेले असते.

दूरध्वनी सुरू झाला तेव्हा कन्येचा आवाज कापरा होता. चार दिवस तिने कसे काढले ते तिलाच ठाऊक. आम्ही दोघे सुखरूप आहोत, छप्पर शाबूत आहे, हे सर्व सांगून झाले. मग ती काही क्षण बोलेना. तिला रडू आवरत नव्हते. थोड्या वेळाने तिने विचारले, "बाबा, या आठवड्याचा कुठला होता?" मी नाव सांगितले. ती रडता रडता हसली, आणि त्यानंतर आम्ही अर्धा तास बोललो. ज्या दोन माणसांना 'जेवलीस का' यापुढे वाक्य सापडत नव्हते त्यांना बोलण्यासाठी एक तिसरी गोष्ट मिळाली होती, आणि ती दोघांनीही संपूर्ण ऐकलेली होती.

यादी संपत आली तेव्हा एक विलक्षण प्रकार घडला. सप्टेंबर २०२० मध्ये त्याच नियतकालिकाने नव्याने मते मागवून नवी क्रमवारी प्रसिद्ध केली. पहिला असलेला 'सार्जंट पेपर' चोविसावा झाला. व्हिएतनामच्या युद्धातून परतलेल्या भावाच्या अनुभवांनी प्रेरित होऊन मार्विन गेने १९७१ साली केलेला 'व्हॉट्स गोइंग ऑन' सहाव्यावरून पहिला झाला. तिसावा असलेला 'ब्लू' तिसरा झाला. जुन्या यादीतील पहिल्या दहांत चार बीटल्सचे आणि दोन बॉब डिलनचे होते, कृष्णवर्णीय कलावंत एकटा मार्विन गे होता आणि स्त्रीचा आल्बम एकही नव्हता. नव्या पहिल्या दहांत स्टीव्ही वंडर, प्रिन्स आणि लॉरिन हिल आले. आल्बममधला एकही स्वर बदलला नव्हता. मत देणारे बदलले होते. माझ्या नोंदवहीत मात्र काही खोडावे लागले नाही, कारण वर्षे तीच होती. पहिल्या शंभरांत नव्याने आलेले आल्बम मी त्यांच्या त्यांच्या सनात लिहून घेतले आणि पुढे ऐकले. त्यांत 'रेडिओहेड'चा १९९७ चा 'ओके कम्प्युटर' होता. त्यात एका यंत्राच्या निर्विकार आवाजात सुखी व कार्यक्षम जीवनाची सूत्रे वाचून दाखवली जातात. ती ऐकताना, हे परिपत्रक आपल्याकडे कधीतरी येऊन गेले आहे, असा मला भास झाला.

यावरून याद्या व्यर्थ ठरतात काय? मला तसे वाटत नाही. यादी हे परिचयपत्र आहे. ते नसते तर मी या घरांच्या दारापर्यंत गेलो नसतो. पण परिचयपत्राचा मान दार उघडेपर्यंत. आत गेल्यावर बसावे लागते, ऐकावे लागते, पुन्हा जावे लागते. आणि यादीबाहेरही घरे असतात. 'क्वीन' या वृंदाचा एकही आल्बम जुन्या किंवा नव्या यादीच्या पहिल्या शंभरांत नाही. त्याचा गायक फ्रेडी मर्क्युरी हा झांजिबारमध्ये जन्मलेला पारशी मुलगा. आपल्या पाचगणीच्या शाळेत तो शिकला, तेथे पियानो शिकला आणि तेथेच शाळकरी मित्रांचा पहिला वाद्यवृंद त्याने काढला. १९७५ चा 'अ नाइट अॅट द ऑपेरा' मी कन्येच्या आग्रहावरून ऐकला आणि नोंदवहीच्या शेवटी स्वतंत्र पानावर नोंदवला.

आता अहवालाची शिफारस. मागच्या वर्षी कन्येने मला विचारले, "बाबा, आता तुमची यादी द्या. मी ऐकते." मी लिहायला बसलो. कुमार गंधर्व, किशोरीताई, भीमसेनजींची संतवाणी, अशी नावे भराभर आली. आणि मग मला आपल्या मंडळाचे कपाट आठवले. गेल्या पन्नास वर्षांत येथे झालेल्या मैफली, गणेशोत्सवातली नाटके, कोजागरीची भावगीते आणि आज आपल्यात नसलेल्या कित्येक सभासदांचे आवाज त्या कपाटातील ध्वनिफितींत आहेत. या शहरातल्या दमट हवेत फितीला बुरशी धरते, हे मी आपल्याला सांगायला नको. त्यांपैकी काही फितींवर नाव आहे आणि तारीख नाही. काहींवर दोन्ही नाहीत. ज्यांना आवाज ओळखून तारीख सांगता येईल अशी माणसे आज या सभागृहात पहिल्या दोन रांगांत बसली आहेत. त्यांना मी नम्रपणे सांगतो, हे काम पुढच्या महोत्सवापर्यंत थांबणारे नाही.

माझी सूचना साधी आहे. या फिती प्रथम संगणकात उतरवून घ्याव्यात आणि तारखेवार लावाव्यात. त्यांना क्रमांक देऊ नयेत. मग महिन्यातून एका रविवारी त्यांतली एक आपण अथपासून इतिपर्यंत ऐकावी, आणि दुसऱ्या रविवारी आपल्या तरुण सभासदांनी त्यांच्या आवडीचा एक आल्बम आपल्याला ऐकवावा, तोही अथपासून इतिपर्यंत. नवी पिढी मंडळात येत नाही, ही तक्रार मी प्रत्येक वार्षिक सभेत ऐकतो. ज्यांचे आपण ऐकत नाही त्यांनी आपले ऐकायला यावे, ही अपेक्षा जमाखर्चाच्या कोणत्याही पद्धतीत जुळत नाही.

नोंदवही मी सोबत आणली आहे. ज्यांना पाहायची असेल त्यांनी कार्यक्रमानंतर अवश्य पाहावी. ध्वनिफितींच्या कामासाठी तशीच एक कोरी वही मी आजच कार्यवाहांच्या स्वाधीन करतो. तिचे रकाने आखलेले आहेत.